जपान पुन्हा शस्त्रसज्ज होतोय, तर आपण भारतीयांनी आनंद मानायला काय हरकत आहे?

हरकत आहे. चीनकडे बोट दाखवून ‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’, एवढ्यावर तुमचा प्रश्न उभा आहे आणि हेच वाक्य मी आमच्या भाऊजींकडून, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांकडून, इतकी वर्षं ऐकतेय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

जपानच्या घटनेतलं कलम ९, म्हणजे युद्धाचा आणि सैन्याचा त्याग करणारं कलम, तुम्हाला माहीत असेलच. १९४७ पासून जपानच्या घटनेतला एक शब्दही बदललेला नाही. बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर सार्वमत लागतं. ते अवघड, म्हणून २०१४ मध्ये आबे सरकारने मंत्रिमंडळाच्या ठरावाने कलमाचा अर्थच बदलून घेतला, म्हणजे मित्रदेशावर हल्ला झाला तरी काही अटींवर लढता यावं. २०२२ च्या डिसेंबरात किशिदा सरकारने संरक्षणासाठी पाच वर्षांचे ४३ लाख कोटी येन ठरवले, शत्रूच्या तळांवर मारा करायची मुभा घेतली, टोमाहॉक ही लांब पल्ल्याची अमेरिकी क्षेपणास्त्रं घ्यायचं ठरवलं. माझं भांडण शस्त्रांशी नाही, ज्यांच्या अंगणात ती येतात त्यांना न विचारण्याशी आहे.

भाऊजी तोक्योला आमच्याकडे आले होते तेव्हा आम्ही त्यांना जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटावर नेलं. मी पुण्यात जपानी शिकले, इथे दुभाषाचं काम करते, त्यामुळे बोलायची जबाबदारी माझीच. २३ जून होता, १९४५ मध्ये तिथे झालेल्या जपान-अमेरिका लढाईचा स्मृतिदिन. माबुनीच्या टेकडीवर काळ्या दगडाच्या भिंतींवर दोन लाख चाळीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. जपानी, अमेरिकी, कोरियन, सगळी. एक आजी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन दगडावर सोडत होत्या आणि बोटांनी अक्षरं पुसत होत्या. मी वाचलं. काही ओळींत नावच नव्हतं, ‘अमक्याचा मुलगा’ एवढंच. नाव ठेवण्याआधीच गेलेली मुलं, नाहीतर ज्यांचं नाव सांगायला घरात कुणी उरलं नाही अशी.

भाऊजी म्हणाले, “विचार त्यांना, उद्या चीन आला तर काय करणार?” मी विचारलं. आजी अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तेव्हाही सैन्य होतंच की. ते शुरीच्या मुख्यालयातून मागे हटत दक्षिणेला आलं, आम्ही लपलो होतो तिथेच. मग तोफाही तिथेच आल्या.”

परतीच्या टॅक्सीत भाऊजींचा निकाल तयार होता: “हळवी माणसं आहेत.” अजूनही गणपतीत सगळे जमले की हेच ऐकवतात. भाऊजी, त्या हळवेपणाने बोलत नव्हत्या, युद्धाचा अनुभव सांगत होत्या. तोक्योला तयारीसाठी वेळ मिळावा म्हणून १९४५ मध्ये ओकिनावाला झुंजत ठेवलं गेलं आणि तिथल्या दर चार माणसांमागे एक मेला. आजही देशाच्या जेमतेम ०.६ टक्के जमिनीवर अमेरिकी तळांचा सुमारे ७० टक्के भार आहे. त्यात ओकिनावा प्रांतातल्याच, तैवानच्या बाजूच्या योनागुनी, मियाको, इशिगाकी या बेटांवर आता जपानचे नवे तळ. इशिगाकीत एक तृतीयांशाहून जास्त मतदारांनी सह्या करून सार्वमत मागितलं, नगरसभेने फेटाळलं आणि २०२३ मध्ये तळ सुरू झाला. वेळ आलीच तर या बेटांवरच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना जपानच्या मुख्य भूमीवर, क्युशू आणि यामागुचीला हलवायची योजना सरकारने स्वतःच मांडली आहे. ज्याचं रक्षण करायचं तेच गाव आधी रिकामं करायचं असेल, तर रक्षण नेमकं कुणाचं?

भारताचं म्हणाल तर पाण्यावर उतरू शकणारी जपानी यूएस-२ विमानं घ्यायची बोलणी वर्षानुवर्षं चालली, हाती काही आलं नाही. जपान आपल्यासाठी लढायला येईल या भरवशावर राहू नका.

चीनची भीती मात्र खोटी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चिनी क्षेपणास्त्रं याच बेटांजवळच्या, जपानच्या आर्थिक क्षेत्रातल्या समुद्रात पडली. मासेमारांची पाचावर धारण बसली असेल तर नवल नाही. योनागुनीत तर २०१५ मध्ये सार्वमत झालं आणि तळ हवा म्हणणारे जिंकले, हेही मान्य. पण तेव्हा मत घेतलं होतं टेहळणीच्या तुकडीसाठी. क्षेपणास्त्र तुकडीचं ठरलं ते नंतर, आणि तेव्हा बेटावर पुन्हा मतपेटी आली नाही.