बागेतल्या कॅमेऱ्याचे फर्मवेअर

प्रश्न : केळीच्या बागेत पंपघराच्या भिंतीवर मी वायफाय कॅमेरा आणि राउटर बसवला आहे. ‘फर्मवेअर अपडेट उपलब्ध’ अशी सूचना ॲपवर वारंवार येते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि अपडेट चालू असताना ती गेली तर कॅमेरा कायमचा निकामी होतो, असे दुकानदार सांगतो. कॅमेरा व्यवस्थित चालत असताना अपडेट करावेच का?
— एक वाचक, ता. रावेर, जि. जळगाव

उत्तर : अपडेट अवश्य करावे. दुकानदाराचे म्हणणे खरे असले, तरी त्यावर उपाय आहे. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत साठवलेली आज्ञावली. अपडेट करताना जुनीच्या जागी नवी लिहिली जाते आणि नेमक्या त्या काही मिनिटांत वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या आज्ञावलीवर उपकरण सुरू होत नाही. काही उपकरणांत मेमरीचे दोन भाग असतात. नवी आज्ञावली रिकाम्या भागात लिहून तपासली जाते आणि बिघाड झाल्यास उपकरण जुन्या भागावरून चालू होते. आपल्या कॅमेऱ्यात ही सोय आहेच असे धरून चालू नये. ॲडॉप्टरवरील व्होल्टचा आकडा पाहून त्याला जुळणारा छोटा यूपीएस (वीज गेल्यावरही काही वेळ पुरवठा चालू ठेवणारे बॅटरीचे उपकरण) कॅमेऱ्याला आणि राउटरला जोडावा व मगच अपडेट सुरू करावे.

चित्र स्वच्छ दिसते म्हणजे कॅमेरा सुरक्षित आहे, असे मात्र मुळीच नाही; आज्ञावलीतील सुरक्षेच्या त्रुटी अपडेटनेच बुजवल्या जातात. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर ताब्यात घेतले, तेही प्रामुख्याने कारखान्यातून आलेले, कोणीच न बदललेले पासवर्ड वापरून. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्यामार्फत झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. म्हणून अपडेटइतकेच पासवर्ड बदलणेही निकडीचे आहे.

अपडेट शक्यतो ॲपमधूनच करावे. फाइल स्वतः उतरवायची असल्यास ती उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि उपकरणाच्या पाठीवरील चिकटपट्टीवर मॉडेल क्रमांकाबरोबर छापलेली हार्डवेअर आवृत्तीही जुळवून पाहावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचे फर्मवेअर वेगळे असू शकते. कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली फाइल घालू नये. चांगली उपकरणे फाइलवरील उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी (फाइल अस्सल असल्याची सांकेतिक खूण) तपासतात आणि फाइलमध्ये किंचितही फेरफार आढळला तर ती नाकारतात. स्वस्त उपकरणांत ही तपासणी अनेकदा नसतेच.

उत्पादकाने अपडेट देणे थांबवले असेल, तर तो कॅमेरा इंटरनेटला जोडलेला ठेवू नये. मेमरी कार्डावर चित्रण साठवण्यापुरता तो वापरता येईल. काही अपडेटनंतर सेटिंग मूळ स्थितीला जातात, तेव्हा पासवर्ड पुन्हा तपासावा.