९ वर्षांच्या मुलीला कोणती कॉमिक्स द्यावीत? वयाला योग्य आहे की नाही हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ९ वर्षांची, चौथीत, सेमी-इंग्रजीला. दहावीतल्या मावसभावाच्या कपाटातून तिने ‘डेथ नोट’ या मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, पहिला भाग उचलला आणि निम्मा वाचूनही झाला. आता तो काढून घ्यावा का, आणि त्याऐवजी काय द्यावं?

आमच्या वस्तीत मी मुलांचं छोटं वाचनालय चालवते. सुट्ट्या लागल्या की हाच प्रश्न वेगवेगळ्या पुस्तकांच्या नावाने येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो भाग सध्या बाजूला ठेवा, पण न रागावता आणि कारण सांगून. गंमत अशी की तो चाळला तर पालकांना फारसं काही खटकत नाही, कारण रक्तपात बेताचाच आहे. अडचण कल्पनेतच आहे. वहीत ज्याचं नाव लिहिलं तो मरतो, आणि नावं लिहिणारा हुशार मुलगाच कथेचा नायक. तो भरकटतोय हे लेखक सांगत नाही, वाचकाने ताडायचं असतं. दहावीतला मुलगा त्यावर तासभर वाद घालेल. चौथीतल्या मुलीला मात्र ‘हुशार मुलगा सगळ्यांना हरवतोय’ एवढंच दिसण्याची शक्यता जास्त.

पुस्तकाचं मलपृष्ठ बघा. व्हिझ या प्रकाशनाच्या इंग्रजी मांगावर तिथे एक बारीक खूण छापलेली असते: ‘ए’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘टी’ १३च्या पुढे, ‘टी प्लस’ १६च्या पुढे, ‘एम’ १८च्या पुढे. ‘डेथ नोट’ टी प्लस आहे. सिनेमाला मिळतं तसं सरकारी प्रमाणपत्र आपल्याकडे कॉमिक्सला नसतं, त्यामुळे परदेशी पुस्तकांवर प्रकाशकाची खूण आणि बाकी ठिकाणी आपले डोळे, एवढ्यावरच भिस्त.

मुखपृष्ठावर तर मुळीच विसंबू नका. ‘माउस’ नावाचं पुस्तक आहे, आर्ट स्पीगलमन यांचं, १९९२ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळालेलं. आत ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं. प्राणी दिसले की ते लहान मुलांचं समजून घेणारे पालक मी पाहिलेत. आत छळछावण्या आहेत, आईची आत्महत्या आहे. पुस्तक थोरच आहे, पण आठवी-नववीनंतर आणि घरातलं मोठं माणूस जवळ असताना वाचावं असं.

आपल्या ओळखीचं ते सुरक्षित, हीसुद्धा एक समजूत. अमर चित्र कथा १९६७पासून आपल्या घरांत आहेत. मीही त्या आवडीने देते, पण निवडून. युद्धाच्या कथांत शिरच्छेद चितारलेले असतात. जुन्या अंकांत असुर काळे आणि नायक गोरे-निळे रंगवण्याची पद्धत होती, त्यावर टीकाही झाली आहे. सावळ्या मुलीला ते जाणवतं, ती बोलत नाही एवढंच. जातक किंवा पंचतंत्रावरचे अंक आधी द्या, युद्धं नंतर. टिनटिन या पोरसवदा बातमीदाराच्या कॉमिक्सचंही तसंच. कांगोवाली गोष्ट १९३०-३१ची, त्यातली आफ्रिकी माणसांची चित्रं इतकी अपमानकारक की २००५च्या इंग्रजी आवृत्तीवर इशाऱ्याची पट्टी लावावी लागली. बाकी टिनटिन मी बिनधास्त देते.

मी स्वतः नवीन पुस्तक तपासते ते असं. पहिली पानं सोडून शेवटच्या तिसऱ्या हिश्शात उघडते, कारण सगळा राडा तिथेच असतो. कुणाला लागतं किंवा कुणी मरतं ते पान शोधते आणि पुढची दोन पानं वाचते. मारामारीपेक्षा तिच्यानंतर काय होतं हे मला महत्त्वाचं वाटतं. कुणी थांबतं का, कुणाला वाईट वाटतं का, की पुढच्याच चौकटीत विनोद? मग बायकांची चित्रं बघते. कपडे आणि उभं राहण्याची ढब गोष्टीला सोडून असेल तर पुस्तक परत. मजकूर वाचायला वेळ लागतो, पण चित्र पान उलटताक्षणी डोळ्यांत शिरतं आणि रात्री दिवा घालवल्यावर आठवतं तेही चित्रच.

आणखी एक गोष्ट, जी सेमी-इंग्रजीच्या पालकांना कुणी सांगत नाही. बहुतेक इंग्रजी कॉमिक्समध्ये फुग्यांतला मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत असतो. एरवी बऱ्यापैकी इंग्रजी वाचणारं मूल तिथे अडखळतं आणि नुसती चित्रं बघून पुढे जातं. तुमच्या मुलीने निम्मा भाग ‘वाचला’ म्हणजे नेमकं काय वाचलं, हे तिच्याकडून गोष्ट सांगवून घेतलीत तर कळेल. कदाचित काळजीचं कारण वाटतं त्याहून लहान निघेल.

आता द्यायचं काय? मराठीत सुरुवात ‘चिंटू’पासून करा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली आणि तिचे संग्रह मिळतात. चिंटू, मिनी, पप्पू, बगळ्या आणि जोशीकाकू, सगळं आपल्या वाड्या-सोसायटीतलं, आणि तीन-चार चौकटींत संपणारं. इंग्रजीला ‘टिंकल’ उत्तम, सुपंडी आणि शिकारी शंभूसाठी मुलं अंक लपवून ठेवतात. मांगाच हवा असा हट्ट असेल तर ‘योत्सुबा’ आणा. पाच वर्षांच्या मुलीच्या रोजच्या उद्योगांची गोष्ट, उजवीकडून डावीकडे वाचायची सवयही त्यात मजेत होते. रोमनांशी लढणाऱ्या छोट्या गावाची विनोदी मालिका ‘अॅस्टेरिक्स’ही चालेल. रोमन नावांवरच्या कोट्या आत्ता डोक्यावरून जातील, त्या पुढे कधीतरी कळतील.

लांबलचक मालिकांबाबत मात्र जपून. ‘बोन’सारखी मालिका विनोदी अंगाने सुरू होते आणि पुढे चांगलीच गडद होत जाते. म्हणून संच एकदम विकत घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. एक भाग आणा, तिला वाचू द्या, आणि पुढचा तिच्या हातात देण्याआधी रात्री तुम्ही स्वतः वाचून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.