आजी शाळेत गेलेली नाही, घरात अहिराणीच बोलते. धुळ्यात स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २१ गुण पडले. स्मृतिभ्रंश आहे का?

नाही, फक्त २१ गुणांवरून तसं म्हणता येत नाही. १९७५ पासून वापरात असलेली ही ३० गुणांची चाचणी (एमएमएसई) शिकलेल्या माणसाला धरून बनलेली आहे. १०० मधून सात-सात वजा करत जाणं याला ५ गुण, वाचून कृती करणं १, वाक्य लिहिणं १, पंचकोनांची आकृती उतरवणं १. ज्या हातात कधी पेन्सिल आली नाही, त्याचे हे आठही गुण जाऊ शकतात. बाकी सगळं अचूक आलं तरी २२ च, आणि नेहमीची सीमारेषा २४ ची! शिवाय प्रश्न प्रमाण मराठीत विचारले असतील, तर न कळलेला प्रश्नही ‘विसरली’ म्हणूनच मोजला जातो.

हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं आहे. तशी चाचणी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पुन्हा तपासणी करताना:

- अहिराणी येणारं माणूस सोबत असू द्या, पण त्याने उत्तर सुचवू नये.
- चष्मा, कानाचं यंत्र लावूनच बसवा.
- तारखेसोबत तिथी, मराठी महिना, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन किती दिवस झाले, हेही विचारायला सांगा.

मात्र वर्षभरात बाजारातला पैशांचा हिशेब चुकू लागला असेल, चूल-गॅस तसाच राहत असेल किंवा ओळखीच्या गल्लीत वाट चुकत असेल, तर निरक्षरतेवर ढकलू नका. बी-१२ आणि थायरॉइड तपासून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.