रोज म्हापसा–पणजी धावणाऱ्या साध्या पेट्रोल स्विफ्टला 50 हजारांत टर्बो बसवता येईल का?

बसवता येईल, पण 50 हजारांत नीट होणार नाही आणि टिकणारही नाही; म्हणून रोजच्या गाडीला बसवू नका. या 1.2 लिटर इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) आधीच 11:1 च्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. त्यात टर्बोने जास्त हवा कोंबली की स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल दाबाने आपोआप पेटतं, म्हणजेच नॉकिंग होतं. आमच्या गॅरेजात असं एक इंजिन उघडलं होतं. पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती आणि हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) फुटलेलं. नुसता टर्बो स्वस्तात मिळतो हो, पण इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा), मोठे इंजेक्टर, ऑइल लाइन, क्लच आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) नीट ट्यूनिंग धरलं तर खर्च 50 हजारांच्या कुठल्या कुठे जातो. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एप्रिलच्या दुपारी अडकलात की बॉनेटखालची उष्णता वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे: आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते.

गाडी फक्त बंद ट्रॅकवर चालवायची असेल, तर कमी बूस्टवर (टर्बोच्या हवेचा दाब कमी ठेवून) विचार करता येईल. रस्त्यासाठी मात्र ही गाडी विका आणि पैसे घालून कंपनीतूनच टर्बो आलेली सेकंडहँड घ्या, बलेनो आरएस किंवा पेट्रोल नेक्सॉन.