वाचकांचे प्रश्न : जागेतील गुंतवणूक पुस्तकावरून शिकता येते का?

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. मी ३४ वर्षांचा असून चाकणजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. वडील गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीचे १२ लाख रुपये त्यांनी 'जागेत घाल, जागा कुठे जात नाही' असे सांगून माझ्या हाती दिले. नवशिक्यांसाठी लिहिलेली स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीची तीन पुस्तके मी वाचली. त्यांतील दोन अमेरिकी पुस्तकांचे अनुवाद आहेत. पदरचे २० टक्के घातले की बाकीचे कर्ज मिळते आणि हप्ता भाडेकरू फेडतो, असे तिन्ही पुस्तके सांगतात. मोशीला बांधकाम चालू असलेली, ६० लाखांची दोन खोल्यांची सदनिका मी पाहिली आहे. शेजारच्या तयार इमारतीत तशाच सदनिकेला १७ हजार रुपये भाडे मिळते. वाचून उत्साह वाटतो, पण बुकिंगचा धनादेश लिहिताना हात थांबतो. अशा पुस्तकांचा प्रत्यक्ष व्यवहारात उपयोग होतो का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमचा हात थांबला हे चांगले झाले. १२ लाख ही तुमच्या वडिलांच्या आयुष्यभराच्या नोकरीची कमाई आहे, म्हणून सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच पुस्तकातील शिकवण घासून पाहू.

पदरचे २० टक्के म्हणजे १२ लाख, आणि तेवढे तुमच्याजवळ आहेत, असे पुस्तकाचा हिशेब सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी बँक मालमत्तेच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, त्यामुळे ४८ लाखांचे कर्ज हा आकडाही बरोबर आहे. मात्र या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरले जात नाही. पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या सदनिकेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख. याचा अर्थ तुम्हाला पदरचे १२ नव्हे, साडेएकोणीस लाख उभे करावे लागतील, आणि त्यात पंखे, दिवे, स्वयंपाकघराचा ओटा यांचा खर्च धरलेलाच नाही. हे साडेसात लाख कुठून येणार, हा प्रश्न त्या पुस्तकांना पडला नाही, कारण ती ज्या देशासाठी लिहिली गेली तेथे हे खर्च अशा स्वरूपात नसतात. अनेकजण ही रक्कम ऐनवेळी वैयक्तिक कर्ज काढून भरतात आणि पहिल्याच वर्षी दोन हप्त्यांच्या कात्रीत सापडतात.

आता भाड्याकडे वळू. मासिक भाडे किमतीच्या एक टक्का असावे, असा एक आडाखा अमेरिकी पुस्तकांत हमखास असतो. त्या हिशेबाने ६० लाखांच्या सदनिकेला ६० हजार भाडे मिळायला हवे, आणि मोशीत ते १७ हजार आहे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या ४८ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ४१ हजार ६५० रुपये होतो. वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे धरले, सोसायटीचे मेंटेनन्स महिन्याला अडीच हजार आणि मालमत्ता कर वर्षाला नऊ हजार वजा केला, तर हाती दरमहा सरासरी सव्वाबारा हजार उरतात. उरलेले २९ हजार दरमहा तुमच्या पगारातून जातील. शिवाय पझेशन मिळेपर्यंत भाडे शून्य, पण बँकेने दिलेल्या रकमेवरचे व्याज मात्र सुरू. अमेरिकेत ३० वर्षे न बदलणाऱ्या व्याजदराचे कर्ज सहज मिळते. आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) बाह्य निर्देशांकाशी जोडलेली आहेत, त्यामुळे वीस वर्षांचा हप्ता आज कागदावर पक्का मांडताच येत नाही. भाडेकरू हप्ता फेडतो हे वाक्य तुमच्या सदनिकेला लागू पडत नाही.

म्हणून ती पुस्तके टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. रिकाम्या महिन्यांचा, दुरुस्तीचा आणि कराचा खर्च आधी वजा करावा आणि मगच उत्पन्न मोजावे, ही सवय चांगले पुस्तक लावते, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जागा घेणाऱ्या कुटुंबांतही ती क्वचित आढळते. वर मी जी वजाबाकी केली ती पद्धत त्याच पुस्तकांतली आहे, फक्त आकडे मोशीचे घातले. पद्धत पुस्तकातून घ्यावी आणि आकडे गावातून आणावेत, एवढाच त्यांचा खरा उपयोग आहे.

जे पुस्तकात येऊच शकत नाही ते कागदपत्रांत असते. वीसेक वर्षांपूर्वी मीही असेच एक पुस्तक वाचून सदनिका घेतली होती. घासाघीस कशी करावी यावर त्यात पूर्ण प्रकरण होते, भोगवटा प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या दाखल्याबद्दल, एक ओळही नव्हती. मी भाव चांगला पाडला, आणि आमच्या इमारतीला ते प्रमाणपत्र पुढची सात वर्षे मिळाले नाही. तोपर्यंत महापालिकेची नळजोडणीही मिळाली नाही. सोसायटीच्या कार्यालयात खिळ्याला टँकरच्या पावत्यांचा गठ्ठा टांगलेला असे आणि दर महिन्याच्या अखेरीस सचिव तो काढून आमच्यासमोर बेरीज करत. भाड्याचा माझा सगळा हिशेब त्या गठ्ठ्याने खाल्ला. विकायला काढली तेव्हा प्रमाणपत्र नाही म्हणून एकाही ग्राहकाला बँक कर्ज देईना. त्यामुळे या बाबतीत मी आग्रहाने लिहितो.

तुमच्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी क्रमांक, जाहिरातीवर असलाच पाहिजे. तो घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा आणि पूर्णत्वाची जाहीर तारीख, ती किती वेळा वाढवून घेतली, किती सदनिका विकल्या गेल्या, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का आणि वकिलाचा मालकी हक्काचा अहवाल काय म्हणतो, हे स्वतः वाचा. विक्री प्रतिनिधीने सांगितलेली पझेशनची तारीख आणि तेथील तारीख यांत फरक आढळला, तर तेथील तारीखच खरी धरा. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत सहा लाख. 'आजच्या आज बारा लाख भरा, उद्या दर वाढतील' असे कोणी म्हणत असेल, तर तो तुम्हाला कायद्याबाहेर पाऊल टाकायला सांगत आहे. त्याच परिसरात प्रत्यक्ष किती रुपयांना व्यवहार झाले हे नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनवरून कळते. पाच-सहा व्यवहार काढून पाहिलेत, तर सांगितलेला दर खरा की फुगवलेला हे उमजेल. एकदा शेजारच्या तयार इमारतीत जाऊन पहारेकऱ्याला आणि सोसायटीच्या सचिवांना पाण्याविषयी विचारा.

माझे मत विचारलेत म्हणून सांगतो: केवळ भाड्यासाठी ही सदनिका या आकड्यांत घेऊ नये. स्वतः राहायला घेणार असाल तर हिशेब वेगळा होतो, कारण तुमचे आजचे घरभाडे वाचते. गुंतवणूकच करायची असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, जुनी पण धड इमारत शोधा. तिच्यावर जीएसटी नाही आणि भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते.

प्रश्न : नवशिक्यांनी सदनिकेपेक्षा भूखंड घ्यावा, त्याला देखभाल लागत नाही, असे मी एका मार्गदर्शक पुस्तिकेत वाचले. मुरबाडजवळ ५ गुंठ्यांचा 'फार्महाउस प्लॉट' मिळतो आहे. एजंट म्हणतात, सातबाऱ्यावर इतर दहा जणांबरोबर नाव लागेल. हे योग्य आहे का?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, हा व्यवहार करू नका. देखभाल लागत नाही हे खरे, पण राखण लागते, आणि डोंबिवलीत राहून मुरबाडची जमीन राखणे सोपे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, जमीन अकृषिक (बिगरशेती) झालेली नसेल तर ती शेतजमीनच आहे, आणि कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. 'प्लॉट' हा शब्द माहितीपत्रकात छापल्याने सातबाऱ्यावरची नोंद बदलत नाही. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले, तरी अकरा जणांच्या जमिनीत तुमचे पाच गुंठे नेमके कोणते, हे त्यावरून ठरत नाही. उद्या रस्त्याकडेची बाजू कोणाची यावर वाद झाला, तर जागेवर मारलेल्या चुन्याच्या रेषा कोणी ग्राह्य धरणार नाही.

एजंटांकडे तीन कागद मागा: अकृषिक परवानगीचा आदेश, मंजूर रेखांकन (भूखंड आणि रस्ते दाखवणारा आराखडा) आणि भूमी अभिलेख कार्यालयाने केलेल्या मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले आहे का तेही पाहा, कारण तशी जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. हे तिन्ही कागद हाती येऊन तुमच्या स्वतःच्या वकिलांनी ते वाचेपर्यंत इसाराचा एक रुपयाही देऊ नका.