इंजिनिअर होऊन आता बालवाडीचं शिकायचं?

हा प्रश्न मला दर सेमिस्टरला तीन-चार जणी तरी विचारतातच, शब्द वेगळे असतात पण भीती तीच. मी कॅलिफोर्नियात बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, काउन्सेलर आहे आणि यादीत मराठी आडनाव दिसलं की आपल्याकडच्या बायका बरोबर माझीच अपॉइंटमेंट घेतात. त्यातल्याच एकीची ही गोष्ट, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

सोलापूरकडची, इलेक्ट्रॉनिक्समधे बीई, पुण्यात चार वर्षं नोकरी, मग लग्न आणि नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे ही एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, इकडे. मुलगी साडेतीन वर्षांची. पहिल्या दिवशी आली ती दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट लॅमिनेट केलेली फाईल घेऊन, आणि फाईल टेबलावर न ठेवता मांडीवरच धरून बसली. म्हणाली, "ताई, मला अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन, म्हणजे बालशिक्षण, करायचंय, पण घरी अजून कोणाला धड सांगितलं नाहीये." नणंदेला फोनवर सहज बोलून गेली होती तर ती म्हणे, "म्हणजे तिकडे जाऊन आया होणार का तू?" हे सांगताना तिचा आवाज गेला, मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थोडा वेळ काहीच बोलले नाही.

मग विचारलं, हेच का करायचंय? तर तिने मुलीच्या प्रीस्कूलमधलं सांगितलं. पोरगी पाण्याच्या टबापाशी मोठ्या भांड्यातलं पाणी छोट्या पेल्यात ओतत होती, सांडत होती, पुन्हा ओतत होती, आणि तिथली टीचर शेजारी गुडघ्यावर बसून नुसती बघत होती, मधेच एकदा फक्त "आता काय होईल?" एवढंच विचारलं. "मी असते ना ताई तर हातातून घेऊन दाखवलं असतं, असं ओत म्हणून. ती का थांबली ते मला शिकायचंय." मी तिला म्हटलं, अगं, तुला जो प्रश्न पडलाय ना तेच तर हे शास्त्र आहे. कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, मूल त्या क्षणी नक्की काय जुळवतंय डोक्यात, हे ओळखायला शिकावं लागतं, नुसती माया असून भागत नाही.

आता पैशाचं आणि कागदांचं, कारण निम्मी भीती तिथेच असते. एच-४ वर शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा करून घ्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियात राहून एक वर्ष आणि एक दिवस झाला असेल आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दाखवता आला, म्हणजे टॅक्स, लायसन्स, भाडेकरार वगैरे, तर एच-१बीवाल्यांच्या एच-४ कुटुंबियांनाही रहिवाशांची फी लागू शकते, ती युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर. म्हणजे ३ युनिटचा एक क्लास १३८ डॉलरला, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. रहिवासी नसाल तर आकडा कित्येक पटींनी वाढतो, म्हणून आधी ॲडमिशन ऑफिसमधे रेसिडेन्सी बघून घ्या हे मी प्रत्येकीला सांगते. शिकता येतं पण कमवता येत नाही हे मात्र लक्षात ठेवायचं, नोकरीसाठी एच-४ ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, लागते आणि ती साधारण नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच मिळते. हिचं तेव्हा झालेलं नव्हतं. विनापगार काम केलं तर चालेल का असं सगळ्याच विचारतात, त्याचं उत्तर मी देत नाही, इमिग्रेशन वकिलालाच विचारायला लावते, उगाच माझ्या शब्दावर कोणाचं स्टेटस धोक्यात नको.

अभ्यासाचं चित्र मी कागदावरच काढून दिलं. आमच्याकडे या विषयाचे ८ मुख्य क्लास, प्रत्येकी ३ युनिट, एकूण २४. मुलाची वाढ आणि विकास, मूल-कुटुंब-समाज, अभ्यासक्रम, निरीक्षण, आरोग्य-आहार, आणि शेवटी प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवायचा सराव. राज्याच्या टीचर क्रेडेन्शियलिंग कमिशनकडून चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट, म्हणजे लहान मुलांना शिकवायचा परवाना, मिळतं, त्याच्या पायऱ्या आहेत. ६ युनिटवर असिस्टंट, मुख्य क्लास धरून १२ युनिट आणि ५० दिवसांचा अनुभव यावर असोसिएट टीचर, आणि २४ युनिटच्या जोडीला १६ युनिट जनरल एज्युकेशन, म्हणजे इतर सामान्य विषय, आणि १७५ दिवसांचा अनुभव असेल तर टीचर. तिची बीईची मार्कशीट इथेच कामाला आली, मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेतलं की ते १६ युनिट सहसा त्यातून सुटतात. हे सांगितल्यावर फाईल पहिल्यांदा टेबलावर आली!

पगाराचं मी लपवत नाही. प्रीस्कूल टीचरचा पगार इथे कमी आहे, कामाच्या मानाने फारच कमी, आणि याचा मला मनापासून राग येतो. दारं मात्र उघडताहेत, राज्याने चार वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष, सुरू केलंय, तिथे शिकवायला वेगळं क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेतल्या शिक्षकाचा परवाना, लागतं पण हे २४ युनिट तिथेही उपयोगी पडतात.

मी तिला एकच क्लास घ्यायला लावला. आल्या आल्या चार-चार क्लास घेऊन दमलेल्या बायका मी पाहिल्यात, घरात लहान मूल, मदतीला कोणी नाही, आणि एकदा क्लास मधेच सोडल्याचा डब्ल्यू शेरा पडला की परत यायला लाज वाटते.

दुसऱ्या सेमिस्टरला ती निरीक्षणाच्या क्लासचा पहिला पेपर घेऊन रडवेली होऊन आली. तिने लिहिलं होतं, 'मुलगा हट्टी आहे, त्याला शेअर करायचं नाही.' प्रोफेसरनी 'हट्टी'खाली रेघ मारून लिहिलं होतं, हे तुला दिसलं की तू ठरवलंस? तिला वाटलं आपलं इंग्लिशच कच्चं. मी म्हटलं, इंग्लिशचा संबंधच नाही, तू काय पाहिलंस ते मला मराठीत सांग. तर म्हणाली, त्याने लाल ट्रक दोन्ही हातांनी छातीशी धरला, दुसरं मूल जवळ आल्यावर पाठ फिरवली, दाराकडे बघितलं, मग ट्रक खिडकीत ठेवून बाहेर बघत उभा राहिला. अगं, मग हा हट्ट कुठे झाला, तो कोणाची तरी वाट बघत असेल. ती एकदम गप्प झाली आणि हळूच म्हणाली, "माझी आई असंच लिहायची."

तेव्हा कळलं, आई अंगणवाडी सेविका होती. इतक्या भेटींत हे एकदाही बोलली नव्हती. वजनाच्या नोंदी, कोण आलं, कोण जेवलं नाही, कोण का रडलं, सगळं आई रजिस्टरात लिहायची आणि रात्री घरी बसून पूर्ण करायची, आणि हिला शाळेत 'अंगणवाडीच्या बाईंची मुलगी' म्हणत ते तिला अजिबात आवडायचं नाही. मी तिला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल सांगितलं. १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, अंगणवाडी तिथून आली, आणि १९७५ मधे केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. तुझी आई त्या परंपरेतली आहे, आया नव्हे, आणि आया असती तरी त्यात कमीपणा कसला.

त्या रात्री तिने आईला फोन केला. पुढच्या भेटीत सांगत होती, आईने तासभर सांगितलं, नवीन मूल रडत आलं की आधी त्याच्याशी बोलायचंच नाही, त्याच्याजवळ बसून आपण मातीचं काहीतरी करत राहायचं, ते आपोआप हात घालतं. हिने तेच पेपरात लिहिलं आणि प्रोफेसरनी वर्गात वाचून दाखवलं.

पहिल्या परमिटपर्यंत पोचायला तिला अडीच वर्षं लागली. मधे एक सेमिस्टर सोडावी लागली, सासूबाई आजारी होत्या, भारतात जाऊन आली. ईएडी आल्यावर टीबी टेस्ट, लसी आणि बोटांचे ठसे देऊन एका प्रीस्कूलमधे लागली, अनुभवाचे ५० दिवस भरले आणि असोसिएट टीचरचं परमिट आलं. ॲक्सेंटची धास्ती होती, पण तिच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी वेगळीच भाषा बोलतात, त्यांना तिच्या बोलण्यात वावगं काही वाटत नाही.

प्रॅक्टिकम अजून बाकी आहे, पुढच्या सेमिस्टरला घेणारे. नणंदेला सांगितलंस का म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "नाही अजून. पण आईला परमिटचा फोटो पाठवला, तिने तो तिच्या सुपरवायझर बाईंना दाखवायला नेला."