'औष्णिक विलंब' की 'शिथिलन काल'?

सोलापूरच्याच एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलंय की थर्मल रिलॅक्सेशन टाइमला मराठीत 'औष्णिक विलंब' म्हटलं तर चालेल का, आणि उन्हाळ्यात स्लॅब रात्री गरम लागतो तो हाच विलंब का.

नाही, आणि एकच शब्द दोन्हीकडे वापरू नका, लै घोळ होतो.

मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर, आणि ऊन उतरल्यावर स्लॅब खाली आग ओकायला लागतो, फॅन लावला तरी गरमच वारं. पाच इंची काँक्रीट धरलं तर दिवसाच्या तापमानाची चढउतार वरून खाली पोचायला ढोबळमानानं तीन-साडेतीन तास जातात, जुन्या घरांच्या दीड फुटी दगडी भिंतीत दहा-अकरा तास, म्हणून तर ती घरं दुपारी गार. पण हे सगळं फ्रेंच गणिती फूरिएच्या १८२२ च्या ग्रंथातल्या साध्या उष्णतावहनाच्या नियमातूनच निघतं, वेगळं काही घालावं लागत नाही. याला विलंब म्हणा, फार तर कला-विलंब (फेज लॅग, म्हणजे चढउताराची लाट मागं पडणं).

रिलॅक्सेशन टाइम निराळा. फूरिएच्या नियमात तापमानाचा उतार (जागोजागच्या तापमानातला फरक, ग्रेडियंट) आला रे आला की उष्णता त्याच क्षणी वाहायला लागते, त्यामुळे गणितात असं निघतं की रॉडचं एक टोक तापवलं तर दुसरं टोक कितीही लांब असो, त्याच क्षणी किंचित का होईना तापतं, म्हणजे वेग अनंत! हे खटकलं म्हणून कॅटानिओ या संशोधकानं १९४८ ला आणि व्हर्नोत या दुसऱ्यानं १९५८ ला नियमात एक जादा पद घेतलं: उतार आला तरी प्रवाह लगेच पूर्ण येत नाही, जुळवून घ्यायला 'टाऊ' एवढा वेळ घेतो. मग विसरणाचं (उष्णता पसरण्याचं, डिफ्युजनचं) समीकरण लाटेसारखं होतं आणि वेगाला मर्यादा येते. विसरणांकाला (थर्मल डिफ्युजिव्हिटीला) टाऊनं भागा आणि वर्गमूळ काढा, तो वेग. धातूत टाऊ पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आसपास किंवा त्याहूनही कमी, स्लॅबच्या तासांशी त्याचा काडीचा संबंध नाही, लेसरच्या अतिसूक्ष्म पल्ससारखं काही असेल तरच तो दखल घेण्याजोगा. वाळू आणि मांसात सेकंदांचा टाऊ सापडल्याचे दावे ९० च्या दशकात झाले होते, पण नंतरच्या प्रयोगांत ते टिकले नाहीत, त्यामुळे जुना पेपर मिळाला तर आकडे तसेच उचलू नका.

तर टाऊला 'शिथिलन काल' लिहा. शब्द जरा सुस्त वाटतो खरा, पण 'विश्रांती काळ' त्याहून वाईट, तिथं कुणी विश्रांती घेत नाही.

फक्त झोऊचं १९९५ चं ड्युअल फेज लॅग मॉडेल वापरत असाल तर 'विलंब' चालेल, का की तिथं प्रवाह आणि उतार या दोन्हींच्या वेळा खरंच वेगवेगळ्या टाऊनं मागेपुढे सरकवलेल्या असतात. 'प्रवाह-विलंब' आणि 'उतार-विलंब' असं लिहिलं की कुठला टाऊ कशाचा ते लगेच कळतं.